२४ टक्के प्रथिनांचा पाला देऊनही दूध आणि वजन वाढत नाही, तेव्हा काय तपासावं

चाऱ्याचा अहवाल हातात असतो. त्यावर क्रूड प्रथिनं २४ टक्के, म्हणजे चांगल्या लसूणघासापेक्षाही जास्त. गव्हाणीत रोज हिरवागार पाला पडतो, जनावरं खातात, तरी दूध तिथेच आणि करडांचं वजनही तिथेच. हे दुखणं मी इतक्या गोठ्यांत पाहिलं आहे की समोरचा बोलायला लागला की पुढचा प्रश्न ओळखू येतो: "प्रथिनं कमी पडतायत, अजून पाला वाढवू का?" बहुतेक वेळा उत्तर नाही असंच असतं. पाल्यात प्रथिनं असतात, पण ती जनावराच्या रक्तापर्यंत पोचत नसतात.

याची मुख्य कारणं दोन, आणि ती एकमेकांच्या अगदी उलट आहेत. उष्ण प्रदेशातल्या बऱ्याच झाडपाल्यात (बाभूळ, कॅलिअँड्रा, काही अंशी सुबाभूळ) प्रथिनं टॅनिनने (पानाला तुरटपणा देणारं द्रव्य) किंवा तंतूंनी इतकी जखडलेली असतात की ती न सुटताच शेणावाटे बाहेर पडतात. समशीतोष्ण प्रदेशातल्या कोवळ्या चाऱ्यात (लसूणघास, पांढरं क्लोव्हर, रायग्रास) ती इतकी सैल असतात की कोटीपोटात (रवंथ करणाऱ्या जनावराचं पहिलं, मोठं पोट) पोचल्या पोचल्या फुटतात, त्यांचा अमोनिया होतो आणि तो मुतावाटे वाहून जातो. मात्र झाड उष्ण प्रदेशातलं आहे म्हणजे प्रथिनं जखडलेलीच असणार, असं धरून चालू नका. शेवरी आणि तुती झाडं असूनही या बाबतीत लसूणघासाच्याच बाजूची आहेत. दूध न वाढणं दोन्हीकडे सारखंच, इलाज मात्र उलटे. म्हणून आधी प्रथिनं कोणत्या वाटेने गळतायत ते ठरवायचं आणि मगच खुराकाला हात लावायचा.

लक्षणं

यातली दोन-तीन एकत्र दिसत असतील तर पुढच्या तपासण्या करा.

- पाला सुरू करून तीन आठवडे झाले तरी दुधात किंवा वजनात फरक नाही. (चार दिवसांत निकाल मागू नका. कोटीपोटातल्या जिवाणूंना नव्या चाऱ्याशी जुळवून घ्यायला दोन-तीन आठवडे लागतात.)
- सुरुवातीला जनावर पाल्यावर तुटून पडतं, मग हुंगून बाजूला होतं. काड्यांबरोबर पानंही उरू लागतात.
- पाल्याबरोबर दिलेला वाळलेला चाराही कमी खाल्ला जातो.
- शेण घट्ट आणि गडद, शेळीच्या लेंड्या बारीक आणि कडक. किंवा याच्या अगदी उलट: शेण पातळ, आणि सकाळी गोठ्यात पाय ठेवला की अमोनियाने डोळे चुरचुरतात.

१. आधी हिशोब ओल्याचा केलात की कोरड्याचा, ते पाहा

याला एक पैसा लागत नाही, आणि इथेच सुटलेल्या तक्रारी मी मोजणं सोडून दिलं आहे. अहवालातले २४ टक्के शुष्क पदार्थावरचे असतात. ताज्या पाल्यात शुष्क पदार्थ साधारण २५ ते ३० टक्के, बाकी पाणी. म्हणजे १० किलो ताज्या पाल्यात कोरडा माल अडीच किलो, आणि त्यात प्रथिनं ६०० ग्रॅम. बरेच जण सरळ १० किलोचे २४ टक्के काढतात, २ किलो ४०० ग्रॅम प्रथिनं मिळाली असं समजतात आणि पेंड बंद करतात. ही चौपट चूक आहे, आणि तिचा पचनीयतेशी काही संबंध नाही.

दुसरी गोष्ट फांदीची. प्रयोगशाळेत गेलेला नमुना नुसत्या पानांचा असतो. गव्हाणीत पडते ती फांदी, आणि बोटाएवढी जाड काडी वजनात भरते पण खाल्ली जात नाही. एक दिवस दिलेल्याचं वजन करा, दुसऱ्या दिवशी सकाळी उरलेल्याचं करा आणि हिशोब फरकावर मांडा.

२. जंत

डोळ्याची खालची पापणी ओढून पाहा. आतली त्वचा लालसर गुलाबी हवी. पांढुरकी दिसली तर, शेळ्यामेंढ्यांत विशेषतः, चौथ्या पोटात रक्त पिणाऱ्या जंतांचा संशय घ्या. ते जंत जे रक्त पितात ते प्रथिनच आहे, आणि तुम्ही वरून कितीही ओतलं तरी खालून गळत राहतं. शेणाची तपासणी करून घ्या आणि निदान झाल्यावरच जंतनाशक द्या. जंत असताना पुढची एकही तपासणी तुम्हाला खरं सांगणार नाही, म्हणून हे इतक्या वर घेतलं.

३. शेण की मूत

ही तपासणी माझ्या सगळ्यात भरवशाची. खाल्लेला नायट्रोजन दुधात किंवा मांसात गेला नाही, तर त्याला बाहेर पडायला दोनच मुख्य वाटा आहेत.

प्रथिनं कोटीपोटात फार झपाट्याने फुटली तर जिवाणूंना सगळा अमोनिया वापरता येत नाही. उरलेला अमोनिया रक्तात शिरतो, यकृत त्याचा युरिया बनवतं आणि तो मुतातून जातो. गोठ्यात या मुतावर शेणातले जिवाणू काम करतात आणि पुन्हा अमोनिया सुटतो. डोळे चुरचुरतात ते यामुळे. गोठा रोज त्याच वेळी, तसाच साफ होत असेल तर चारा बदलल्यावर वासात पडलेला फरक नाकाला कळतो. दुभत्या गाईंसाठी दुधातल्या युरिया नायट्रोजनची तपासणी मिळत असेल तर जरूर करा. साधारण १० ते १६ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर ठीक. सतत त्याच्या वर असेल तर प्रथिनं वाया जातायत, बरंच खाली असेल तर जिवाणूंनाच नायट्रोजन मिळत नाही.

वास नाही, दुधातला युरिया कमी आणि शेण घट्ट, तर गळती शेणावाटे आहे. अशा वेळी "प्रथिनं कमी पडतायत" हे अर्धवट खरं असतं: पोटात गेली आहेत, सुटलेली नाहीत.

४. कोयत्याचं पातं

टॅनिनचा अंदाज घ्यायला सुरुवातीला प्रयोगशाळा लागत नाही. टॅनिन लोखंडाशी भिडलं की काळपट निळा किंवा हिरवट काळा रंग येतो. बाभळीचा ओला पाला साध्या लोखंडी कोयत्याने, स्टेनलेस नव्हे, तोडून पातं न पुसता अर्धा तास ठेवा. पात्यावर शाईसारखे डाग उमटतात. तुतीचा पाला तसाच तोडून शेजारी ठेवला की फरक उघड दिसतो. यातून टॅनिन किती आहे ते कळत नाही, ते किती घट्ट धरतं तेही कळत नाही. पण दोन-तीन झाडांपैकी कोणावर आधी संशय घ्यायचा ते ठरतं. अनोळखी पान चावून तुरटपणा पाहण्याच्या फंदात पडू नका. गिरिपुष्पासारखी काही पानं जनावरं रवंथ करून पचवतात, माणसाला ती विषारी ठरू शकतात.

इथे थोडं थांबून टॅनिनचं नीट सांगायला हवं, कारण "टॅनिन म्हणजे वाईट" असा सरसकट समज झाला आहे आणि त्याने चुकीचे इलाज होतात.

टॅनिन प्रथिनाला धरतं, पण किती घट्ट ते आम्लतेवर अवलंबून असतं. कोटीपोटाचा सामू ६ ते ७ च्या आसपास, तिथे पकड घट्ट. चौथ्या पोटात सामू २ ते ३ वर येतो आणि साधारण ३.५ च्या खाली ही पकड सैल होते. म्हणजे टॅनिन बेताचं असेल तर ते प्रथिनाला कोटीपोटातल्या जिवाणूंपासून वाचवतं आणि पुढे, जिथे जनावर स्वतः ते पचवू शकतं, तिथे सोडून देतं. समशीतोष्ण चाऱ्यातलं लोटस कॉर्निक्युलेटस हे याचं सगळ्यात स्पष्ट उदाहरण. त्यात घनीभूत टॅनिन साधारण २ ते ४ टक्के. न्यूझीलंडमध्ये १९८७ साली मेंढ्यांवर झालेल्या प्रयोगात या टॅनिनमुळे लहान आतड्यातून आवश्यक अमिनो आम्लांचं शोषण ६२ टक्क्यांनी जास्त झालं. सेनफॉइनही याच जातकुळीतलं, आणि या दोघांवर चरून पोटफुगी होत नाही. लसूणघासावर आणि क्लोव्हरवर ती होते.

त्याच्याच भावकीतलं लोटस पेडुंक्युलेटस घ्या. टॅनिन ५ टक्के आणि त्याहून वर, आणि फायदा संपतो. प्रथिनं चौथ्या पोटापर्यंत जास्त पोचतात, पण पुढे शोषण वाढत नाही आणि जनावर खाणंही कमी करतं. कॅलिअँड्रात हेच प्रमाण अनेकदा १० टक्क्यांच्या पुढे जातं. तिथे टॅनिन चाऱ्यातल्या प्रथिनांना तर धरतंच, शिवाय जिवाणूंच्या पाचकरसांना आणि आतड्यातल्या प्रथिनांनाही धरतं. त्यामुळे बरोबर दिलेला वाळलेला चाराही कमी पचतो. लक्षणांत तिसरी ओळ होती ती यासाठी.

एक बारकावा आणखी. टॅनिन नायट्रोजनला मुताकडून शेणाकडे वळवतं, त्यामुळे कागदावर प्रथिनांची पचनीयता घसरलेली दिसते. पण मुतातली बचत शेणातल्या वाढीपेक्षा मोठी असेल तर जनावर फायद्यातच असतं. म्हणून पचनीयतेचा आकडा एकटा पाहून पाला बंद करू नका. दूध आणि वजन बरोबर पाहा.

५. जिवाणूंना ऊर्जा मिळते का

गळती मुतावाटे आहे असं दिसलं तर पुढे इथे या. आतड्यात पोचणाऱ्या प्रथिनांचा मोठा भाग, बहुधा अर्ध्याहून जास्त, जिवाणूंच्या शरीरातूनच येतो. अमोनिया आणि लवकर आंबणारी साखर-पिष्ट त्यांना एकाच वेळी मिळाली तरच ते वाढतात. शेवरी किंवा लसूणघास सकाळी आणि भरडा संध्याकाळी असं दिलं की अमोनिया एका वेळी उसळतो आणि ऊर्जा दुसऱ्या वेळी येते. दोन्ही एकत्र किंवा पाठोपाठ द्या, आणि पाला एकदम न देता दिवसात तीन वेळा वाटून द्या. यात खर्च नाही, फक्त वेळापत्रक बदलतं. भरडा मात्र हळूहळू वाढवा. एकदम वाढवला तर कोटीपोट आम्ल होतं आणि नवीनच दुखणं मागे लागतं.

आणि उलटही तपासा. मूळ चारा नुसता काड किंवा वाळलेलं जून गवत असेल, आणि सगळ्या खुराकात मिळून प्रथिनं ७ टक्क्यांच्या खाली असतील, तर जिवाणूच उपाशी असतात. अशा वेळी टॅनिनवाला पाला थोडा वाढवून उपयोग नाही, कारण त्याचा नायट्रोजन कोटीपोटात सुटतच नाही. तिथे सैल प्रथिनांचा पाला हवा. शेवरी, हादगा आणि गिरिपुष्प यासाठी चांगले.

६. मिसळा, सुकवा, आणि पंधरा-वीस दिवस थांबा

जखडलेला पाला एकटा देऊ नका. एकूण शुष्क पदार्थात त्याचा वाटा चौथ्या हिश्शाच्या आत ठेवा आणि बाकी सैल पाला व गवत द्या. दोन्ही मिसळले की सैल पाल्यातली थोडी प्रथिनं टॅनिन धरून ठेवतं. म्हणजे एकाचा दोष दुसऱ्याच्या कामी येतो. माझ्या पाहण्यात सगळ्यात जास्त गोठे या एका बदलावर सुधारले आहेत.

गिरिपुष्प तोडून एक दिवस सावलीत सुकवलं की वास उतरतो आणि नाक मुरडणारी जनावरं खायला लागतात. बरीच जनावरं सुरुवातीला त्याचा वासच टाळतात, त्याचा पचनाशी संबंध नसतो.

सुबाभळीचं वेगळं. तिच्यात टॅनिनबरोबर मिमोसिन असतं, आणि कोटीपोटात त्यापासून डीएचपी नावाचा पदार्थ तयार होतो जो थायरॉइडला बाधतो. हवाईतल्या शेळ्या भरपूर सुबाभूळ खाऊनही धडधाकट राहतात हे ऑस्ट्रेलियन संशोधक रेमंड जोन्स यांच्या लक्षात आलं, आणि त्यांच्या कोटीपोटातले जिवाणू १९८० च्या दशकात ऑस्ट्रेलियात नेले गेले. त्यांना १९९२ मध्ये सिनर्जिस्टिस जोन्सी हे नाव मिळालं. तुमच्या कळपात हे जिवाणू आहेत याची खात्री नसेल तर सुबाभूळ शुष्क पदार्थाच्या ३० टक्क्यांच्या आत ठेवा.

७. पॉलिइथिलीन ग्लायकॉलची परीक्षा

आता पैसे लागतात. पॉलिइथिलीन ग्लायकॉल (पीईजी, रेणुभार ४००० किंवा ६०००) टॅनिनला प्रथिनापेक्षा जास्त ओढ लावतं. टॅनिन त्याला चिकटलं की प्रथिन मोकळं होतं. हे रोजचं खाद्य म्हणून परवडणारं नाही, पण निदानासाठी याच्याइतकं स्वच्छ साधन मला माहीत नाही. सारख्या वयाच्या आणि सारख्या दुधाच्या शेळ्यांचे दोन गट करा, चारा तोच ठेवा, एका गटाला रोज १० ते २५ ग्रॅम पीईजी भरड्यात द्या. तीन आठवड्यांत त्या गटाचं खाणं आणि दूध वाढलं तर दोष टॅनिनचा. काहीच फरक नाही तर टॅनिन निर्दोष, दुसरीकडे शोधा. पीईजी आणण्याआधी पशुवैद्यकाला किंवा पशुआहार तज्ज्ञाला विचारा. औद्योगिक प्रतीचा माल जनावराला घालू नका.

८. प्रयोगशाळेला योग्य प्रश्न विचारा

क्रूड प्रथिनांचा आकडा योहान केल्डाल यांच्या १८८३ च्या पद्धतीवर उभा आहे. ती नायट्रोजन मोजते, आणि प्रथिनांत सरासरी १६ टक्के नायट्रोजन असतो असं धरून त्याला ६.२५ ने गुणलं जातं. नायट्रोजन कुठून आला हे तिला कळत नाही. सुबाभळीतलं मिमोसिनही त्यात प्रथिन म्हणून मोजलं जातं. म्हणून एक आकडा आणखी मागा: एडीएफशी (चाऱ्यातला न विरघळणारा, कठीण तंतू) बांधलेला नायट्रोजन. हा भाग जनावराला जवळजवळ मिळतच नाही. समजा क्रूड प्रथिनं २४ टक्के आली आणि एडीएफशी बांधलेल्या नायट्रोजनला ६.२५ ने गुणून ७ आले, तर खुराकाचा हिशोब १७ वर मांडा.

नमुना कसा वाळवला तेही विचारा. एका गोठ्यातल्या सुबाभळीत बांधलेला नायट्रोजन इतका जास्त आला की मी सगळा खुराक बदलायला निघालो होतो. विचारल्यावर कळलं की नमुना १०५ अंशांच्या भट्टीत रात्रभर ठेवला होता. उष्णतेने प्रथिनं साखरेशी आणि टॅनिनशी कायमची जोडली जातात, म्हणजे दोष भट्टीत तयार झाला होता. त्याच झाडांचा पाला सावलीत वाळवून दुसऱ्यांदा पाठवला तेव्हा आकडा बराच खाली आला. नमुना ६० अंशांच्या वर जाऊ देऊ नका.

हीच गोष्ट गंजीतही घडते. २० टक्क्यांहून जास्त ओलावा असताना लसूणघासाचे गठ्ठे बांधले की आत उष्णता चढते. गठ्ठा उघडला की रंग तंबाखूसारखा तपकिरी आणि वास करपलेल्या साखरेसारखा. जनावरं तो आवडीने खातात, म्हणून कोणाला संशय येत नाही, पण प्रथिनांचा मोठा भाग जळून बांधला गेलेला असतो. हातरुमालाएवढा तुकडा हिरव्या गठ्ठ्याशेजारी ठेवून पाहिलात तर पुन्हा कधी फसणार नाही. अशा मालाची प्रथिनं हिशोबात धरू नका, त्याला तंतूचा चारा समजा.

नायलॉन पिशवीची तपासणी (बारीक छिद्रांच्या पिशवीत चारा भरून ती कोटीपोटात ठेवायची आणि किती उरलं ते मोजायचं) कोणी करून दिली तर एवढं लक्षात ठेवा: पिशवीतून नाहीसं झालेलं सगळं पचलं असं नसतं. विरघळणारं टॅनिन आणि बारीक चुरा छिद्रांतून नुसताच धुऊन जातो, आणि टॅनिनवाला पाला आहे त्याहून बरा दिसतो.

इथे थांबा आणि पशुवैद्यकाला बोलवा

वरची सगळी शोधाशोध धडधाकट पण न वाढणाऱ्या जनावरासाठी आहे. पुढचं काही दिसलं तर ती सोडून द्या.

डावी कूस ताणून फुगली, जनावर उठबस करतं, श्वास अडकतो: पोटफुगी. ही तासांची गोष्ट आहे, वाट पाहू नका. युरिया घातलेलं खाद्य खाल्ल्यावर थरथर, लाळ, झटके: तितकीच तातडी. बाभूळवर्गीय शेंगा किंवा ओकची कोवळी पानं भरपूर खाल्ल्यावर आधी मलावरोध, मग काळसर पातळ शेण, पोटाखाली सूज, लघवीचा रंग बदललेला: मूत्रपिंडाला इजा झालेली असू शकते, आणि त्यावर घरगुती उपाय नाही. सुबाभूळ खाणाऱ्या जनावराचे शेपटीचे आणि मानेचे केस झडतात, गळ्याशी गाठ येते, लाळ गळते: सुबाभूळ त्या दिवसापासून बंद. जबड्याखाली मऊ सूज आणि पांढऱ्या पापण्या एकत्र दिसल्या तर जंताचा भार जिवावर बेतला आहे.

हे काहीच नाही, पण पहिल्या सहा तपासण्या करून, तीन आठवडे थांबूनही दूध हललं नाही, तर पशुआहार तज्ज्ञाकडे जा. अंदाजाने पेंड किंवा युरिया वाढवत राहू नका. जाताना फुलाशेंगांसकट एक फांदी न्या, कारण "बाभळीसारखं झाड" एवढ्यावर कोणी नेमकं सांगू शकत नाही. बरोबर पाला कधीपासून, किती आणि कशाबरोबर दिला याची नोंद, आणि आदल्या दिवशी गव्हाणीत उरलेला पाला पिशवीत भरून न्या. जनावराने काय नाकारलं ते त्या पिशवीतच दिसतं.